अंगारकीला अडवलेली स्वयंपाकीण

हद्दीवरच्या फ्रान्सच्या शिपायाने माझा पासपोर्ट मिटला, मला परत दिला आणि हाताने मागचा रस्ता दाखवला. माझ्या मांडीवर साबुदाण्याची पिशवी होती. पलीकडच्या हॉटेलात आमची पार्टी उपाशी बसली होती. मला कळलं एवढंच, की हा मला आत घेत नाही.

"काय म्हणतो रे?" मी प्रसादला विचारलं. प्रसाद आमचा टूर मॅनेजर. इंग्रजी त्यालाच यायचं.

"मावशी, तुमचा व्हिसा संपला."

"संपला कसा? अजून तारीख आहे."

"सिंगल एन्ट्री आहे. एकदाच आत. तुम्ही सकाळी बाहेर पडलात, झाला वापरून."

"आणि तुला कसा सोडतो?"

"माझा मल्टिपल आहे. मॅनेजरचा तसाच काढतात."

मी टूर कंपनीत स्वयंपाकीण होते. पेणला एसटी स्टँडजवळ नानांचं ऑफिस होतं. पेण-रोह्याची माणसं जमवून ते युरोपला न्यायचे. माणसांना आयफेल टॉवर बघायचा असे, पण रात्री वरणभात लागे. म्हणून मी, दोन कुकर आणि पोह्याचे पापड. व्हिसा म्हणजे त्या देशात शिरायची परवानगी. तेव्हा फ्रान्सचा वेगळा आणि स्वित्झर्लंडचा वेगळा लागायचा. फ्रान्सचा, प्रसाद सोडून आमच्या सगळ्यांचा सिंगल एन्ट्रीच होता, कारण रस्ता सरळ होता. आधी पॅरिस, मग स्वित्झर्लंडच्या हद्दीजवळचं फ्रान्समधलं हॉटेल, मग स्वित्झर्लंड, तिथून विमानाने घर. मागे फिरायचं कामच नव्हतं.

पण हद्दीजवळच्या हॉटेलात असताना अंगारकी आली. पार्टीत निम्मी माणसं हमरापूरची, गणपती करणारी. वर्षभर ज्याच्या मूर्तीवर पोट, त्याची अंगारकी कोण मोडेल? आणि साबुदाणा नव्हता. निघताना मी बांधलेली पिशवी प्रसादने वजन होतं म्हणून पेणलाच काढून ठेवली होती. "परदेशात कोण उपास करतं?" असं म्हणाला होता. आता सगळे करत होते. हॉटेलवाल्याने सांगितलं, हद्दीपलीकडे जिनिव्हात तमिळ लोकांची दुकानं आहेत. प्रसाद म्हणाला, "मावशी, चला, तुम्हालाच चांगला साबुदाणा ओळखता येईल." पेणहून रोह्याला बाजाराला जावं तसे आम्ही हॉटेलच्या गाडीतून दुसऱ्या देशात गेलो. जाताना दोन्हीकडे शिक्के बसले. मला बरं वाटलं, पासपोर्ट भरतोय म्हणून.

साबुदाणा गाडीच्या ड्रायव्हरकडे देऊन मी त्याला पुढे हॉटेलवर पाठवलं. तो तिथलाच, त्याला कोणी अडवत नव्हतं. आम्ही दोघं टॅक्सीने जिनिव्हातल्या फ्रान्सच्या व्हिसा ऑफिसात गेलो. दारातच प्रसाद कानाशी लागला.

"सांगायचं, फिरायला आलेय. टूरिस्ट. स्वयंपाकाचं नाव काढायचं नाही."

"फिरायला? आयफेल टॉवर मी मटार सोलता सोलता बघितला."

"मावशी, तुमचा व्हिसा टूरिस्टचा काढलाय. काम करता म्हणून कळलं तर कंपनी गोत्यात."

"मग कामाचा काढायचा होता. मी खोटं बोलणार नाय."

खिडकीतल्या बाईने विचारलं, कशाला जायचंय? मी बोटाने कढई ढवळून दाखवली. "कुक," मी म्हणाले. तेवढं इंग्रजी मला येत होतं. बाई हसली नाही. तिने प्रसादला सांगितलं, टूरिस्ट असो की कुक, नवा व्हिसा राहता त्या देशातूनच मिळेल. म्हणजे मुंबईतून.

प्रसाद बाहेर येऊन मला ओरडला. मी त्याला ओरडू दिलं. मग त्याने रस्त्यावरच्या बूथवरून नानांना फोन लावला आणि सांगितलं, मावशी आपल्या मनाने बाजारात गेल्या आणि अडकल्या. मी रिसीव्हर हिसकावला.

"नाना, हा खोटं सांगतो. यानेच नेलं मला."

"ते राहू दे. तू उद्याच्या विमानाने परत ये. भानगड नको."

"नाय येत."

"नाय म्हणजे?"

"म्हणजे नाय. पेणात उतरले की गाव म्हणेल, बाईला परदेशातून हाकलली. पुढच्या टूरला तुम्ही दुसरी बाई बघाल. माझ्याकडे स्वित्झर्लंडचा व्हिसा हाय, पार्टी इकडेच येणार हाय. मी इथे थांबते."

"राहशील कुठे?"

"ते तुमच्या प्रसादने सकाळी बघायला हवं होतं."

मी पुन्हा त्या तमिळ दुकानात गेले. प्रसाद दुकानाचा फोन नंबर घेऊन हॉटेलवर परतला. दुकानदारीण पस्तिशीची असेल. तिला मराठी नाही, मला तमिळ नाही. मी पासपोर्ट दाखवला, हद्दीकडे बोट केलं, मान हलवली. तिला लगेच कळलं. तीही तिचा देश सोडून आलेली. तिने मागच्या खोलीत चटई टाकली. मी तिच्या मिरच्या निवडायला बसले.

संध्याकाळी दुकानात फोन आला. हमरापूरच्या माई होत्या, मूर्तिकारांच्या घरातल्या थोरल्या सूनबाई.

"गो सुगंधा, या प्रसादने साबुदाणा न भिजवता उकळत्या पाण्यात टाकला. खळ झाली खळ! मूर्तीला कागद चिकटवावा अशी."

"मग खाल्लंत काय?"

"केळी. तू परत येतेस ना?"

"नाना घरी पाठवतायत."

"कोण पाठवतो? थांब."

माईंनी हॉटेलातून पेणला फोन केला. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. पण नंतर नानांचा दुकानात फोन आला. आवाज मऊ होता.

"तू तिथेच थांब. माई म्हणतात, तू गेलीस तर पुढच्या वर्षी हमरापुरातून एक माणूस मिळणार नाय मला."

"थांबलेलीच हाय मी."

तिसऱ्या दिवशी बस हद्द ओलांडून आली. प्रसादने माझ्याकडे न बघता कुकर उतरवले. रात्री मी वरणभात केला.

पुढच्या वर्षी नाना कागद घेऊन घरी आले तेव्हा मी आधी विचारलं, व्हिसा कसला? ते म्हणाले, मल्टिपल, आणि धंद्याच्या रकान्यात कुक. मग मी अंगठा नाही, सही केली. त्या वर्षापासून त्यांच्या सगळ्या स्वयंपाक्यांचा व्हिसा तसाच निघू लागला. ज्याला वाटेत बाजार करायचाय त्याने हद्दीवर नव्हे, घरीच व्हिसाचा शिक्का वाचून घ्यावा. वाचता येत नसेल तर दोघांकडून वाचून घ्यावा.

मी सुगंधा, मिठागरातली, चौथीपर्यंत शिकलेली. जिनिव्हात अडकले होते ती मीच.