चार आकड्यांची जागा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायको होती तेव्हा तिच्याजवळही नाही. आता घरात ऐकायला कुणी नाही — म्हणून तुम्हाला सांगतो.

ऐंशीनंतरची वर्षं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं ऑफिस मी सांभाळत होतो. मालकांनी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं आणि पुढच्या पाच वर्षांत काय लागेल याचा आराखडा माझ्याकडे मागितला. मी पुण्याला जाऊन प्रोग्रॅम बघून आलो, रुबाबात लिहून दिलं. शाबासकी मिळाली.

स्टोअरला बाबालालभाई होते. ओतकामाचे साचे ज्यांवरून बनतात ते हजारो लाकडी पॅटर्न त्यांच्या ताब्यात, प्रत्येकाला नंबर. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. माझं लग्न व्हायचं होतं. कोल्हापुरात दुसरं होतं कोण मला? आराखडा वाचून ते म्हणाले, "साहेब, नंबराला चारच आकड्यांची जागा हाय. दोन वर्षांत पाचवा लागंल. घ्यायच्या आधीच सांगून ठेवा की."

सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. का? शाबासकी मिळालेला कागद परत मागायचा — आणि तोही स्टोअरकीपरच्या सांगण्यावरून? एवढंच कारण.

नव्या पॅटर्नचा नंबर भाई चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे द्यायचे, त्यावरून तो मशीनमध्ये भरला जायचा. नंबर दहा हजारांवर गेले तसं मशीन पहिला आकडा गिळायला लागलं. भाई नजरेनं ओळखून बरोबर पॅटर्न काढायचे. मग ते आठवडाभर रजेवर गेले — आणि मशीनच्या कागदावरून जुनेच पॅटर्न निघाले. चुकीचे भाग ओतले गेले, अख्खा ट्रक परत आला.

भाई कामावर आल्यावर मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. चूक कुणाची?

मी म्हणालो, "चिठ्ठीवर नंबर बाबालालभाईंनी चुकीचा लिहिला."

चिठ्ठ्या माझ्याच खणात होत्या. सगळे नंबर बरोबर, त्यांच्या ठसठशीत अक्षरात.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीच खरं सांगेन असं वाटलं असेल का त्यांना? — मी टेबलावरच्या काचेकडे बघत होतो. त्यांची एकोणीस वर्षांची नोकरी त्या दुपारी संपली. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या मी भट्टीत टाकल्या.

पुढे डबा कॉम्प्युटरच्या खोलीत खायला लागलो. एकटाच, दार लावून. तिथं कुणी फिरकायचं नाही. चपला बाहेर काढाव्या लागतात म्हणून — असं मी स्वतःला सांगायचो.

बऱ्याच वर्षांनी शिवाजी पेठेत ते दिसले. स्टोव्ह दुरुस्तीच्या दुकानात बसले होते, हात काळे. मला बघून बाकावर थोडे सरकले.

"या की साहेब, बसा."

मी घाईत आहे म्हणालो आणि पुढं निघालो.

मला कसलीही घाई नव्हती.