मिस्तरींची एक चूक

गाडीत बसण्याआधी ते चपला काढायचे. दाराखाली मातीत दोन्ही चपला शेजारी शेजारी ठेवायचे आणि उघडा पाय ब्रेकवर ठेवायचे. नवख्या माणसाला ती श्रद्धा वाटे. एका ड्रायव्हरने तसं विचारलंही होतं. ते म्हणाले, "देवाचं काही न्हाई त्यात. चपलेतून कळत न्हाई." मग डोळे अर्धवट मिटून त्यांनी पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. ड्रायव्हरला घाई होती.

"लागतो का बराबर, मिस्तरी?"

"मला काय इचारतो? पायाला इचार."

अंबडला आमच्या वाचनालयासमोर, रस्त्यापलीकडे त्यांचं गॅरेज होतं. चार पत्रे, एक कडुनिंब आणि निंबाखाली उभ्या दोन-तीन जुन्या गाड्या. माझं टेबल खिडकीपाशी. त्यामुळे वीसेक वर्षं मी जितकी पुस्तकं पाहिली, तितकंच त्यांना पाहिलं. तुमच्याही गावात असं कुणीतरी असेल, ज्याला सगळे कामाच्या नावानेच हाक मारतात आणि खरं नाव विचारलं तर क्षणभर अडखळतात. आमचे ते मिस्तरी.

घराणं मेंढरांमागे फिरणारं. वडील कळप घेऊन गोदाकाठापर्यंत जात, आणि लहानपणी हेही मागून चालत. रस्त्यात मोटार आली की कळप जागेवर थांबवायचं काम त्यांच्याकडे असे. त्यासाठी ते जिभेने टाळूवर एक आवाज काढत. तोच आवाज ते ब्रेक मनासारखा लागला की काढायचे. दुसरी शाबासकी नव्हती, ना गाडीला, ना स्वतःला.

आमच्या वाचनालयाची एक जुनी पिकअप आहे. मोसंबीच्या व्यापाऱ्याने वापरून सोडलेली. तिच्यातून आम्ही पुस्तकांच्या पेट्या गावोगाव नेतो. घनसावंगीवरून कुंभार पिंपळगावला आठवडी बाजाराच्या दिवशी गाडी लागते, आणि भाजीच्या पिशवीत पुस्तक टाकून बाया घरी जातात. मधे एकदा ड्रायव्हर सोडून गेला. तीन महिने पेट्या कोपऱ्यात पडून राहिल्या. शेवटी मी म्हटलं, मी चालवते.

समितीत कुणी हसलं नाही, पण आमचे अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "गाडी जुनी, बाई नवीन." अध्यक्ष वकील आहेत. त्यांचं वाक्य गावात लगेच पोचतं.

शिकवलं मिस्तरींनी. पहिले आठ दिवस बाजारतळावर त्यांनी मला फक्त थांबायला लावलं. जरा पुढे जायचं, थांबायचं. जरा पुढे, थांबायचं. मी कंटाळले.

"मिस्तरी, चालवायला कधी शिकवणार?"

"चालायचं काय, ती आपोआप चालती. चप्पल काढा आधी."

"मला नाही बाई जमत उघड्या पायाने."

"घरी पुस्तक वाचताना पायात चप्पल अस्ती का?"

"नसते."

"मंग?"

मी चपला काढल्या. 

दोन वर्षं गाडी नीट चालली. मग एका पावसाळ्याच्या शेवटी घनसावंगीहून परतताना ब्रेक दाबला की पुढच्या चाकांतून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज यायला लागला. मी बैलगाडीच्या वेगाने गाडी आणली आणि सरळ निंबाखाली उभी केली. मिस्तरींनी चाक काढलं. पॅड पार झिजून मागची पट्टी डिस्कवर घासत होती, आणि डिस्कवर नांगरल्यासारख्या चऱ्या पडल्या होत्या.

"नख फिरवा," ते म्हणाले. मी फिरवलं. नख अडकलं.

"तुमचं नख जिथं अडकलं, तिथं ब्रेकबी अडकून राह्यला. पॅड आन् डिस्क, दोन्ही बाजूचं नवं टाकावं लागतं. एका बाजूचं टाकलं तर गाडी तिकडंच ओढती."

अध्यक्षांनी ऐकलं आणि निकालच दिला. दसऱ्याला ते स्वतः गाडीत बसणार. देवीच्या टेकडीच्या उतारावर गाडी त्यांच्या मनासारखी थांबली तर पेट्या चालू. नाहीतर गाडी भंगारात, आणि बाईंनी आपलं टेबल सांभाळावं.

दसरा तीन दिवसांवर होता. मिस्तरींनी काम सुरू केलं. खोक्यातून नवी डिस्क निघाली ती तेलाने माखलेली. गंजू नये म्हणून तिला तसं पाठवतात. ती पेट्रोलने पुसून त्यांनी बसवली. पॅड धरणारा कॅलिपर काढल्यावर तो ब्रेकच्या नळीला लोंबकळू नये म्हणून तारेने बांधून ठेवत. म्हणत, "नळीला वजन सोसत न्हाई." डावी बाजू पूर्ण झाली. उजवीकडे डिस्क बसली, पण कॅलिपरची एक पिन झिजलेली निघाली. ती जालन्याहून संध्याकाळी आली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

खंडेनवमीला त्यांच्या गॅरेजात पाना हलत नसे. सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि दिवसभर त्यांना विश्रांती. त्यामुळे गाडी तशीच उभी होती. उजवं चाक काढलेलं, नवी डिस्क उघडी.

सकाळी मी ताट घेऊन गेले. मिस्तरी घरी जेवायला गेले होते. गाडीची पूजा करताना माझं लक्ष डिस्ककडे गेलं. परवा खोक्यातून निघाली तेव्हा तेलाने चमकत होती, आज कोरडी. रात्रीच्या दवाने तिच्यावर तांबूस छटा आली होती. लोखंडाला तेल लावून ठेवावं, हे मी शाळेपासून वाचत आले आहे. वाटलं, तेल उडालं. ताटात खोबरेल होतं. वातीच्या कापसाने मी डिस्क दोन्ही बाजूंनी पुसून काढली, जास्तीचं पदराने टिपलं आणि मधोमध कुंकवाचं बोट लावलं. आपण काहीतरी उपयोगी केलं, या समाधानात मी वाचनालयात येऊन बसले.

दसऱ्याला सकाळी त्यांनी कॅलिपर बसवला, चाक चढवलं. टेकडीपाशी अध्यक्ष पांढऱ्या कपड्यांत तयार होते. ते गाडीत चढायला निघाले तसं मिस्तरींनी दारावर हात ठेवला.

"पहिली खेप माझी एकट्याची अस्ती, वकीलसाहेब."

"अहो, मी बसणार असं ठरलं होतं ना?"

"दुसऱ्या खेपेला बसा. जल्दी कशाची?"

ते वर गेले. चपला खाली, आमच्या पायाशी राहिल्या. गाडी उतारावरून आली, त्यांनी ब्रेक लावला आणि ती एकदम डावीकडे ओढली गेली. डावं चाक रस्ता सोडून मुरमात उतरलं. त्यांनी स्टिअरिंग धरून ठेवलं होतं. गाडी थांबली, पण सरळ थांबली नाही.

ते उतरले.  तिथेच जॅक लावून उजवं चाक काढलं, डिस्कवर बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं. खोबरेल तेलाचा वास कुणालाही ओळखू येतो. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. 

"काय झालं?" अध्यक्ष.

"डिस्क पुसायची राह्यली," मिस्तरी म्हणाले. "नवीला तेल अस्तं. माझं राह्यलं."

"तुमचं राहिलं?" अध्यक्ष चार लोकांसमोर म्हणाले. "एवढं नाव ऐकलं होतं तुमचं. मी बसलो असतो तर?"

"बराबर हाय तुमचं. चार वाजता या."

मी तोंड उघडलं होतं. त्यांनी चाकामागून हात वर केला, गाडी मागे घेताना करतात तसा, थांबा म्हणून. आणि मी थांबले. आठ दिवस त्यांनी मला तेच शिकवलं होतं.

पॅड तेल पितं, मग ते कामाचं राहत नाही. सणाच्या दिवशी मोटारसायकलवर जालन्याला जाऊन, दुकानदाराला घरून उठवून त्यांनी नवे पॅड आणले. डिस्क पेट्रोलने धुतली. चार वाजता आधी एकटे जाऊन आले. या वेळी टाळूवरचा तो आवाज आला. मग अध्यक्षांना बसवलं. गाडी उतारावर अध्यक्ष जिथे म्हणाले तिथे, सरळ रेषेत थांबली. अध्यक्ष उतरले, म्हणाले, "ठीक आहे. चालवा पेट्या."

संध्याकाळी मी आपट्याची पानं घेऊन गेले. "मिस्तरी, तेल मी लावलं होतं."

"कळलं मला. तुमच्या घरचं चांगलं हाय तेल."

"तुम्ही खोटं का बोललात?"

"खोटं कुठं? पुसायची राह्यलीच की. सकाळी दवाचा गंज पुसायला फडकं हातात घेतलं होतं. पण मधी कुंकू दिसलं तुमचं. त्याच्यावर फडकं मारू वाटलं न्हाई."

"मी आत्ता जाऊन वकीलसाहेबांना सांगते."

"सांगा की. जाताना चावीबी घेऊन जा, द्यावीच लागंल." मग जरा हळू म्हणाले, "माझ्याकडं गाड्या येऊन राह्यल्या, उद्याबी येतील. तुमची पेटी एकदा थांबली तर थांबली. बाजाराच्या दिवशी बाया वाट पाहून राह्यल्या अस्त्यात."

मी सांगितलं नाही. पण अध्यक्षांचं वाक्य गावात पोचायचं ते पोचलंच. पुढे कितीतरी वर्षं ड्रायव्हर गाडी सोडताना त्यांना चिडवायचे, "मिस्तरी, डिस्क पुसली का?" खिडकीतून मला स्पष्ट ऐकू येई. ते म्हणायचे, "पुसली रे बाबा, बिलकुल पुसली," आणि हसायचे. ज्याचं ब्रेकचं काम जालन्यापर्यंत माहीत होतं, त्या माणसाने हे रोज ऐकावं. पण उत्तर देताना त्यांनी एकदाही आमच्या खिडकीकडे पाहिलं नाही. मी पाहत होते, म्हणून मला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात ते गेले. आजार फार दिवसांचा नव्हता. दहाव्याला तालुक्यातल्या गाड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लागल्या होत्या. त्यातली प्रत्येक गाडी त्यांच्या हाताने थांबायला शिकलेली. ड्रायव्हर एकमेकांना आठवणी सांगत होते. एक म्हातारा ड्रायव्हर डोळे पुसत म्हणाला, "एवढ्या वर्षांत माणूस एकदाच चुकला. डिस्क पुसायची इसरला." सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांच्या दृष्टीने ते मोठं कौतुकच होतं. एवढ्या वर्षांत एकच चूक.

मी बायांमध्ये बसले होते. चार माणसांत बोलायला मला कधी जमलं नाही. तिथेही जमलं नाही. मला लिहायला येतं, म्हणून लिहिते आहे. ती एक चूक त्यांची नव्हती, माझी होती. त्यांच्या खाती एकही नाही. आणि एक दसरा सोडला तर या गाडीला त्यांनी कधी मुरमात उतरू दिलं नाही. तोही दसरा मी दिलेला.

हे आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकात येईल. पहिली प्रत अध्यक्षांकडे जाते. ते आता फारसे बाहेर पडत नाहीत, पण शब्दन् शब्द वाचतात. वाचून त्यांनी चावी मागितली तर देईन, तक्रार करणार नाही.

तोवर चावी माझ्याकडे आहे. बाजाराच्या दिवशी हे अंक पेटीत घालून मी कुंभार पिंपळगावला निघेन. ड्रायव्हर लोकांनाही एकेक प्रत देईन. त्याआधी निंबाखाली, दाराशी, दोन्ही चपला काढून शेजारी शेजारी ठेवीन, आणि पेडल दाबून पायाला विचारीन.