तिसऱ्या अंकातलं धुकं

माझी आत्या लाँड्री चालवते आणि बॅले बघते. या दोन कामांच्या मधल्या वेळात ती जेवते, झोपते आणि मला बोलते.

लाँड्रीत मी तिच्या हाताखाली आहे. काउंटरवर कपडे घ्यायचे, खिसे उलटे करून बघायचे, कॉलरला नंबराची चिठ्ठी टाचायची हे माझं काम. डाग आणि इस्त्री तिची. ती कपडा उजेडात धरते आणि डागाकडे अशी रोखून बघते की डागालाच कानकोंडं व्हावं. मग "चहा", "शाई", "औषध" असा एका शब्दात निकाल देते. गिऱ्हाइकाने "अहो, ते औषध नाही, सरबत आहे" म्हटलं तरी ती औषधच म्हणणार, आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाची बायको येऊन "औषधच हो" असं सांगून जाणार.

बॅलेचं वेड तिला कधी लागलं ते घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. बाबा म्हणतात, लहानपणी ती चालायची तीसुद्धा चवड्यांवर, त्यामुळे तिच्या चपला पुढूनच झिजायच्या. नाचली मात्र ती कधीच नाही. "नाचणारे पुष्कळ आहेत," ती म्हणते, "बघणारं कुणीतरी नको का?" आणि बघणं म्हणजे नुसतं बघणं नव्हे. जुन्या बॅलेतला कुठला नाच कुणी किती चांगला केला होता यावर ती अर्धी दुपार बोलू शकते. इस्त्री करता करता बोलते, म्हणून अंगात आलं की वाफेचा खटका जरा जास्तच दाबला जातो आणि मी ढगात दिसेनाशी होते.

नाट्यगृहाबाहेरच्या काचेत नव्या हंगामाची पत्रकं लागली की आत्याचं वर्ष सुरू होतं. यंदा ती पत्रकं बघायला म्हणून दुकान माझ्यावर टाकून गेली आणि परत आली तीच तोंडाचा पट्टा सोडून.

"'गिरणीवाल्याची मुलगी' लागतंय! जुनीच गिरणी, जुनेच कपडे, आणि वाफ नाचणार आहे. पण शेवटचे खेळ गं. यानंतर वाफ नाचायचं सोडतेय आणि पुढच्या हंगामात तेच सगळं कुणी तरुण मुलगा नव्याने बसवतोय."

वाफ म्हणजे तिची लाडकी नर्तकी. बाईंचं खरं नाव पत्रकावर ठळक छापलेलं असतं, पण आत्याच्या मते इस्त्रीतून वाफ निघावी तशी ती जमिनीवरून उठते, म्हणून वाफ.

"नवीन बसवतात तर चांगलंय की," मी म्हटलं.

"काय चांगलंय? गिरणीच नाही म्हणे त्यात. नुसत्या शिड्या! आणि सगळ्या मुली अनवाणी!"

"मग नको जाऊस."

"नको कशी जाऊ? घरात बसून नावं ठेवणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा. मी तिथे जाऊन, समोर बसून, शेवटपर्यंत बघून नावं ठेवीन."

असं म्हणून तिने त्या न आवडलेल्या बॅलेबद्दल मला पुढचा तासभर सांगितलं. शिड्या किती असतील, दिवे कुठून टाकतील, अनवाणी मुलींना गिरक्या कशा जमतील. वैताग म्हणावा तर डोळे चमकत होते. नाक मुरडत वाट बघणं हा तिचा आवडता उद्योग आहे.

'गिरणीवाल्याची मुलगी'ची गोष्ट म्हणाल तर एवढीशी. पहिल्या अंकात गिरणीवाल्याची मुलगी एका होडीवाल्यावर भाळते. दुसऱ्यात तो होडी घेऊन जातो आणि येत नाही. तिसऱ्यात ती त्याला शोधायला नदीवर जाते आणि धुक्यात हरवते. मग तो येतो आणि तिच्या मागे धावतो, पण तोवर ती स्वतःच धुकं झालेली असते. होडीवाल्याने दुसऱ्या अंकात एक निरोप धाडला असता तर आम्ही सगळे वेळेवर घरी गेलो असतो, हे माझं मत. ते मी एकदाच बोलून दाखवलं होतं.

आत्याचा सगळा जीव त्या तिसऱ्या अंकात. आणि तिसऱ्या अंकात तरी कशात, तर धुक्यात. ती वरच्या माडीवरच्या शेवटच्या रांगेत बसायची. दुर्बीण तिला चालायची नाही. म्हणायची, "मला काय चोर पकडायचाय?" आणि दरवेळी खेळ संपवून उतरताना जिन्यात थांबून म्हणायची, "बघितलंस? धुकं दरवर्षी दाट होत चाललंय. यंत्र बदललं असणार. यंदा तर हात दिसत होता की धुकं दिसत होतं, कळतच नव्हतं."

"मला तर गुडघ्यापर्यंतच दिसलं गं."

"तुझं लक्ष असतं कुठे!"

बॅलेच्या बाबतीत आमच्या घरात तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नाही.

तर, पत्रकं लागल्यावर थोड्याच दिवसांनी आमचे वकीलसाहेब दुकानात आले. चांगलं गिऱ्हाईक, माणूस भिडस्त. पिशवीतून हळूच शर्ट काढून म्हणाले, "बहुतेक हा धुवायचा राहिला असावा."

"माझ्या दुकानात? राहिला?" आत्याने शर्ट ओढून घेतला, उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. "कुठे आहे डाग?"

वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी वकीलसाहेबांकडे. डाग छातीवर होता आणि पेल्याच्या बुडाएवढा होता.

तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायला मला आकाशपाताळ एक करावं लागलं. बाई तरुण आणि हसऱ्या. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. बरीच वर्षं वाढतोय. तुम्हाला सगळं धुरकट दिसत नव्हतं का?"

"दिसायचं की," आत्या ठसक्यात म्हणाली. "पण फक्त बॅलेत."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तेव्हा मला हसू फुटणारच होतं, पण तिचा चेहरा बघितला आणि ते गिळलं. तिलाही त्याच क्षणी कळलं होतं.

घरी आल्या आल्या ती स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आधी खेळ, मग ऑपरेशन."

"अगं, नीट दिसेल तुला."

"तीच तर भीती आहे." ती टेबलावरचा न पडलेला चुरा झाडत राहिली. "ते धुकं त्यांचं नव्हतंच, माझं होतं. नव्या डोळ्यांनी बघितलं आणि नाही आवडलं तर? मग मी वर्षभर वाट कशाची बघू? वकिलाच्या शर्टाची?"

मी चहा केला.

हट्ट तिने सोडला नसता, पण पुढच्याच आठवड्यात वकीलसाहेबांची पॅंट तिच्या हातून गेली. एका पायाला इस्त्रीची एक घडी आणि दुसऱ्याला दोन, शेजारी शेजारी, रुळांसारख्या. ते तशीच घालून कोर्टात गेले आणि न्यायाधीश त्यांच्या मुद्द्याऐवजी मांडीकडे बघत राहिले. भिडस्त माणूस, तक्रार केली नाही, नुसतं सांगितलं. आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "चल त्या पोरीकडे."

दोन्ही ऑपरेशनं छान झाली. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली आणि आमच्या घराचे वाईट दिवस सुरू झाले. आधी ती दुकानात गेली, धुतलेल्या चादरींचा गठ्ठा उघडला आणि म्हणाली, "हे पांढरं? मग मी इतकी वर्षं कशाला पांढरं म्हणत होते?" सगळ्या चादरी परत धुतल्या. घरी स्वयंपाकघराची भिंत पुसली, मग तिच्या समोरची पुसली. बाबांना म्हणाली, "दादा, म्हातारा झालास रे." मला खिडकीजवळ नेऊन हनुवटी धरून म्हणाली, "तुला मिशी आहे."

अशा माणसाला मी बॅलेला घेऊन जाणार होते. त्यात माझं शहाणपण असं की नव्या डोळ्यांची भेट म्हणून दुपारच्या खेळाची पार पुढच्या रांगेतली तिकिटं काढली होती. वरची माडी सोडून खाली बसायचं म्हटल्यावर ती जरा कुरकुरली, पण दिवे मालवले तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला.

पडदा वर गेला आणि गिरणी दिसली. आत्या थोडा वेळ बघत राहिली, मग माझ्या कानाशी आली. "नदीला ठिगळ आहे."

"शू."

"गिरणीवाल्याच्या कोटाला खळच नाही. आणि तो होडीवाला बघ, काखेत पिवळं पडलंय सगळं. लिंबू लावलं असतं तरी निघालं असतं."

पलीकडचे गृहस्थ खाकरले. मी आत्याकडे बघत होते. तिची नजर नाचामागे जातच नव्हती. या बाहीवरून त्या कफवर, त्या कफवरून झालरीवर, दुकानात फिरते तशी फिरत होती. दुसऱ्या अंकात होडीवाला निरोप घेतो तेव्हा ती एरवी हुंदके देते. या वेळी ती हळूच म्हणाली, "झालर उलटी शिवलीये." आणि ते सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला टोमणा सुचला नाही.

मध्यंतरात ती एरवी ओळख नसलेल्या माणसांशीही वाद घालते. या वेळी पर्स पोटाशी धरून भिंतीला टेकून उभी राहिली. "चल, घरी जाऊ."

"आणि तिसरा अंक?"

"तो माझ्याजवळ होता तसाच राहू दे. हे असं बघितलं तर तोही जाईल."

मी आजवर तिच्या बॅलेची कमी चेष्टा केलेली नाही. पण ते वाक्य ऐकून मला खरोखर भीती वाटली. आत्याला बॅले आवडेनासा झाला तर दुकानात दिवसभर काय बोलेल ती? कशाची चिडचिड करेल? मी तिचा दंड धरला. "नावं ठेवायची तर शेवटपर्यंत बसून ठेवायची. तूच म्हणतेस ना? मग चल." आणि तिला जवळजवळ ओढतच आत नेलं.

तिसरा अंक सुरू झाला. धुकं आलं. डावीकडच्या एका भोकातून फुसफुसत आलं आणि जेमतेम घोट्यापर्यंत पोचलं. आत्याने ते बघितलं आणि सरळ डोळे मिटून घेतले.

म्हणून वाफ आली ती तिला आधी ऐकू आली. वरच्या माडीवर नाचणाऱ्यांचा आवाज कधी पोचतच नाही, तिथे नुसतं संगीत. इथे पुढे बसल्यावर बुटांची लाकडी टकटक ऐकू येत होती, उडी मारून उतरल्यावर फळी दबत होती, आणि या सगळ्यातून एक श्वास ऐकू येत होता, जिना चढून आलेल्या माणसाचा असतो तसा. आत्याने डोळे उघडले.

वाफ आमच्या अगदी समोर एका पायाच्या चवड्यावर उभी होती. वरून बघताना वाटायचं, ती हवेत स्थिर टांगलेली आहे. इथून दिसत होतं की ती स्थिर नाहीच. बुटातलं पाऊल सारखं थरथरत होतं, घोटा क्षणाक्षणाला तोल सावरत होता, मानेची शीर ताठली होती. तिने गिरकी घेतली आणि पाठ आमच्याकडे झाली. पांढरा झगा मधोमध घामाने भिजून अंगाला चिकटला होता.

घामाबद्दल आमच्या दुकानात कुणी कुणाला काही शिकवायला नको. आत्याने आयुष्यभर लोकांच्या घामाचे कपडे धुतले आहेत. धावपळीचा कुठला, घाबरण्याचा कुठला, दिवसभर उभं राहून राबल्याचा कुठला, हे तिला कॉलर बघून कळतं. मी वाट बघत होते की आता ती काहीतरी म्हणेल. तिने माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी रुतली.

"धापा टाकतेय गं ती," आत्या म्हणाली.

"हो."

"आणि हसतेय."

"हो."

"मला वाटायचं, तिला कष्ट पडतच नाहीत. आपोआप होतं." आणि ती रडायला लागली. दुसऱ्या अंकात रडते तशी रुमाल शोधून, बेताने नव्हे. तोंड उघडं टाकून, नव्या डोळ्यांतून घळाघळा. होडीवाल्याची ती पिवळी काख पुन्हा समोरून गेली, पण तिचं तिकडे लक्षही नव्हतं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते होडीवाल्यासाठी नक्कीच नव्हतं.

पडदा पडला. सगळं सभागृह उभं राहिलं. वाफ एकटी पुढे आली, अगदी रंगमंचाच्या कडेपर्यंत, आणि वाकली. वर आली तेव्हा तोंडावरचा रंग घामाने ओघळला होता आणि दिवे थेट चेहऱ्यावर होते. आत्या टाळ्या वाजवायची थांबली आणि मान पुढे काढून बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. बाळाला पहिला दात आलाय हे सांगावं तसा तिचा चेहरा फुलला होता.

"अगं," ती म्हणाली, "तिला सुरकुत्या आहेत!"

आणि हात डोक्याच्या वर नेऊन तिने पुन्हा टाळ्या वाजवायला सुरुवात केली.