बचावाचे कोच

झूटरमेर या आमच्या डच शहरातल्या क्लबात माझी मुलगी अमेरिकन फुटबॉल खेळते. तिथले बचावाचे कोच सत्तरीचे अमेरिकन गृहस्थ आहेत. अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांना त्यांनी आयुष्यभर बचाव शिकवला, त्याबद्दल विचारलं तर म्हणतात, "बहुतेक वेळ थंडीत उभा होतो." ओरडणं नाहीच. चुकलं की नुसतं, "पुन्हा." सामन्यात ते बॉलकडे बघत नाहीत, खेळाडूंच्या पायांकडे बघतात.

शेवटच्या सामन्यात जोरात टक्कर होऊन मुलगी पडली आणि लगेच उठली. मी टाळ्या वाजवल्या. कोचनी मात्र तिला बाहेर बोलावलं, दोन प्रश्न विचारले आणि तिचं हेल्मेट काढून स्वतःच्या काखेत धरलं.

"आय ॲम फाइन!" ती रडत ओरडली.

मुख्य कोच म्हणाले, "पाचच मिनिटं उरलीत, जाऊ द्या तिला."

"नाही."

आम्ही हरलो. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "मेंदूला धक्का बसलाय. विश्रांतीने बरी होईल, पण आणखी एक मार जिवावर बेतला असता."

मी बाहेर येऊन कोचना फोन केला.

"ती बरी होईल," मी म्हणाले.

ते हळूच म्हणाले, "अमेरिकेत एकदा एकाचं हेल्मेट मी परत दिलं होतं, मॅडम." आणि त्यांनी सोडलेला मोठा सुस्कारा मला फोनवर स्पष्ट ऐकू आला.