हात वर करून बघा

कपडा विकत घेताना आरशासमोर पोट आत ओढून उभं राहायचं नाही. पोट आत ओढून कुणी अख्खा दिवस काढत नाही. दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, मग खाली बसायचं, मग चपलेचा पट्टा लावल्यासारखं वाकायचं. एवढ्यात कुठे काचलं, वर सरकलं, आता उसवतंय असं वाटलं, तर तो कपडा कितीही गोजिरा असो, काढून दुकानदाराला परत द्यायचा. माझ्या भाच्या हसतात. म्हणतात, मावशी ट्रायल रूममध्ये कवायत करते. करते! ही कवायत मला माझ्या पहिल्या नोकरीनं शिकवली, आणि फुकट नाही शिकवली.

आमचं घर जुन्या हैदराबादचं. पणजोबांपासून सगळे पुरुष सरकारी कचेरीत नाही तर वकिलीत. घरात मराठी, फाटकाबाहेर दखनी उर्दू, भाजीला गेलं की तेलुगू. पुरुषांचं माप घ्यायला शिंपी घरी यायचा, चहा घ्यायचा, टेप लावायचा. बायकांना टेप लावायची पद्धत नव्हती. बायकांसाठी मापाचा ब्लाउज असे. बरा बसलेला एक जुना ब्लाउज कापडी पिशवीत घालून वडील किंवा भाऊ कोठी बाजारातल्या शिंप्याकडे टाकून यायचे, आणि शिंपी त्यावरून नवा बेतायचा. आत कोण बाई राहणार आहे, हे त्याला आयुष्यात कधी कळायचं नाही.

आमच्या घरचा मापाचा ब्लाउज थोरल्या बहिणीचा होता. ती शेवग्याच्या शेंगेसारखी. मी वडिलांच्या वळणावर गेलेली, रुंद खांद्यांची, भरदार दंडांची. "बहिणीबहिणीत असा काय फरक असतो?" असं म्हणून आई तोच ब्लाउज पाठवायची, आणि माझा शिवून आला की कमरेच्या शिवणी उसवून थोडा सैल करून द्यायची. कमरेला उसवता येतं. मुंढ्याला, म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात तिथे, उसवायला काही शिल्लकच नसतं. त्यामुळे माझे हात कोपरापासून खालीच काय ते माझे होते. वरच्या फळीवरचा डबा काढायला मला स्टूल लागायचं, आणि मला वाटायचं, दोष खांद्यांचा. घरातही तेच ऐकायचं, "जरा अंग चोरून बस." स्वतःचंच अंग, ते चोरायचं कशाला आणि कुणाकडून?

उदारीकरणाची ती सुरुवातीची वर्षं. शहरात काचेची दुकानं उघडत होती, त्यांत बिनडोक्याच्या बारीक पुतळ्या नव्या फॅशनचे कपडे घालून उभ्या. आणि गल्लोगल्ली खासगी कॉलेजं निघत होती. नामपल्लीला अशाच एका ज्युनियर कॉलेजात मला फिजिक्स शिकवायची नोकरी लागली. पहिलं वर्ष कच्ची, काम आवडलं तर जूनपासून पक्की. ते 'पक्की' मला किती हवं होतं, काय सांगू. घरी स्थळं बघणं चालू होतं आणि माझ्या नोकरीचा उल्लेख "तोपर्यंत जाते कुठेतरी" असा व्हायचा. मला तोपर्यंत जायचं नव्हतं. मला शिकवायचं होतं. कायम.

कॉलेजचा एक नियम होता, लेडी लेक्चररनी साडीच नेसायची. पुरुषांना नियम नव्हता. एक सर तर रबरी स्लीपर घालून केमिस्ट्री शिकवत. मी नेसले साडी. पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकांवरून आवाज आला, "मॅडम, ऊपर से लिखो ना, दिखता नै!" फळा चांगला उंच होता, मीही उंच होते, पण माझा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मी सगळी समीकरणं फळ्याच्या खालच्या निम्म्यात लिहीत होते आणि पुढच्या बाकांची डोकी ती झाकत होती. एकदा जिवाच्या करारानं हात वर नेला तर काखेत टर्रकन आवाज झाला. उरलेला तास मी पदर गुंडाळून, हात अंगाशी धरून शिकवला. वर्ग संपल्यावर आधी रडू आलं. मग असा राग आला म्हणता! पोरं फी भरून मागे बसलीत आणि माझ्या बहिणीच्या खांद्यांपायी त्यांना न्यूटन दिसत नाही.

घरी आल्यावर आईला म्हटलं, टेप घे आणि मला मोज.

"काय करायलीस हे? उगी कायको नवीन खूळ?" आई म्हणाली. पण टेप आणली. खांद्यावर टेप धरून तिनं दोनदा वाचलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. "बाप गं," एवढंच म्हणाली. चोवीस तास डोळ्यांपुढे असलेल्या मुलीचं माप ती पहिल्यांदा बघत होती. तिनं आकडे कागदावर लिहून दिले आणि वर म्हणाली, वडिलांना सांगू नकोस.

ते घेऊन मी स्वतः कोठीला गेले. आमचा शिंपी म्हातारा, खडूस, चष्म्यावरून बघणारा. आमच्या घरचे ब्लाउज तो माझ्या जन्माआधीपासून शिवत होता, पण मला बघून ओळखणं शक्यच नव्हतं. आठवड्यानं ब्लाउज न्यायला गेले, त्याच्या पडद्याआड घालून बघितला, तर पुन्हा तेच. हात अडकला.

"बेटी, लेडीज का शोल्डर इत्ता नै रहता," तो म्हणाला. "टेप गलत लगी तुमारी. मैं दो इंच कम कर दिया."

"चाचा, मेरा रहता," मी म्हटलं. "ये देखो." आणि भर दुकानात दोन्ही हात वर केले. शिवण उसवली, ती त्याला ऐकू गेली, शेजारच्या फॉलबीडिंगवाल्यालाही ऐकू गेली.

"औरतां हात ऊपर कायकु करते जी?"

"तख्ते पे लिखती मैं."

"फिर मरदाना कुर्ता सिला लेव!" तो चिडून म्हणाला. टोमणाच होता तो.

"सी दो," मी म्हटलं. "मरदाना शोल्डर, बाजू को जेब, नीचे सलवार."

नाही म्हणता म्हणता त्यानं शिवलं, सारखं पुटपुटत. पुरुषांच्या कुर्त्याला काखेत एक चौकोनी तुकडा जोडतात, चौबगला म्हणतात त्याला. त्या तुकड्याने हात फिरतो. इतकी वर्षं तो तुकडा पुरुषांच्याच काखेत का होता, हे मला कुणी समजावून सांगावं! सुती कापड, गुडघ्याच्या जरा खाली लांबी, खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर, आणि दोन्ही बाजूंना खरे खिसे. घरी येऊन आरशासमोर उभी राहिले तर मी जाड दिसत नव्हते. मी नुसती दिसत होते. आजही कुणी विचारलं की एवढंच सांगते, खांद्याची शिवण आधी बघा. ती जागेवर असेल तर बाकी सगळं पुढे-मागे करता येतं. आणि कपडा आजच्या अंगाला घ्या. "बारीक झाले की घालीन" म्हणून घेतलेला कपडा कपाटात बसून रोज तुमचा अपमान करतो.

पण ते कपडे कॉलेजला नव्हते. ते घरी, बाजारात. कॉलेजला साडीच, फक्त ब्लाउज आता माझ्या मापाचा, तोही चाचांकडूनच पुन्हा शिवून घेतलेला. हात वर जाऊ लागला, मागची पोरं गप्प झाली, मला वाटलं भागलं. तर एके सकाळी तारनाक्याच्या आमच्या घरून मोपेडवर येताना, नामपल्ली स्टेशनजवळ, माझा पदर मागच्या चाकात गेला. मी रस्त्यावर आडवी. एका मोसंबीवाल्यानं धावत येऊन सुरीनं पदर कापला म्हणून गळा वाचला. गुडघा सोललेला, ग्रीस लागलेला, अर्धा पदर गायब, अशी मी वर्गात पोचले. दारात करस्पॉण्डण्ट उभे होते. खासगी कॉलेजच्या मालकाला आमच्याकडे करस्पॉण्डण्ट म्हणतात. लागलं का, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "मॅडम, साडी बदल के आना था."

दुसऱ्या दिवशी मी बदलूनच गेले. सलवार-कमीज घालून.

ओढणी दोन्ही खांद्यांवर पिना लावून घट्ट. खडू खिशात. वर्ग पाच मिनिटं कुजबुजला आणि मग विसरला. पोरांना काय, त्यांच्या बहिणी तेच घालत होत्या. स्टाफरूम मात्र विसरली नाही. "तुझ्यामुळे उद्या आमच्यावरही बालंट येईल," असं एक बाई तोंडावर म्हणाल्या, आणि जिन्यात गाठून हळूच विचारलं, "शिंपी कुठला?" वडिलांना कळलं तेव्हा ते वर्तमानपत्र न बाजूला करता म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण. एक साडी नेसली तर काय झिजणार आहे?" मी म्हटलं, तुम्ही धोतर नेसून स्कूटर चालवा, मग बोलू. त्यांनी वर्तमानपत्र बाजूला केलं. तोवर मी निघाले होते.

मे महिन्यात, पक्कं करायची वेळ आली तेव्हा, करस्पॉण्डण्टनी बोलावलं. खोलीत एसी, अंगात सफारी, आणि तिची पोटावरची बटणं अशी ताणलेली की मला त्या दोऱ्याची दया आली. टेबलावर पांढरे कोट रचलेले.

"चूडंडी मॅडम, मैं ओल्ड फॅशन आदमी नै," ते म्हणाले. म्हणजे बघा मॅडम. "सलवार पहनो. ऊपर से ये कोट. पेरेंट्स को ड्रेस दिखना नै. फ्री साइज है."

आवळा देऊन कोहळा काढायची ही रीत मला माहीत होती, पण खरं सांगते, मी तो कोट घातला. कारण ते 'पक्की' समोर होतं, माझ्या नावाचा कागद त्यांच्या कोपराखाली होता. कोट घातला आणि हात वर केला. हात कानापर्यंतही गेला नाही. फ्री साइज म्हणजे कुणाचाच साइज नाही, हे मी तिथे उभ्या उभ्या शिकले.

"सर, इसमें हात ऊपर जाता नै. बोर्ड पे लिखना कैसा?"

"नीचे लिखो. शुरू में नीचेच लिखते थे ना आप?"

म्हणजे यांनी बघितलं होतं. दारातून, खिडकीतून, बघितलं होतं की मागच्या पोरांना दिसत नाही, आणि त्यांना ते चालत होतं. साडी होती ना, मग झालं.

"जेंट्स लोगां भी कोट पहनते क्या?" मी विचारलं.

"जेंट्स का क्या है मॅडम. जेंट्स तो जेंट्स है."

मी कोट काढला, नीट घडी केली आणि बाकीच्यांवर ठेवला.

"एक कोट के वास्ते पक्की नोकरी छोड रहे आप?"

"नै सर," मी म्हटलं. "कोट के वास्ते पढानेवाली आप छोड रहे."

बाहेर येऊन मोपेड सुरू करायला तीन किका लागल्या. घरी वडील म्हणाले, आता सांगायचं काय लोकांना? मी म्हटलं, खरं सांगा. त्या रात्री झोप नाही लागली. आपण मूर्ख आहोत असं वाटत होतं आणि पुन्हा तसंच करू असंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

जूनमध्ये तारनाक्यालाच एका कॉलेजात मुलाखतीला गेले, तीच कमीज इस्त्री करून. समोर तीन जण, मधल्या बाई प्रिन्सिपल, कडक इस्त्रीच्या साडीतल्या, पन्नाशीच्या. विषयाचं सगळं विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, आप को कुछ पूछना है? मी म्हटलं, हो. मी हेच घालून शिकवणार. चालणार नसेल तर आत्ताच सांगा, मला अजून एका ठिकाणी जायचंय. मला कुठेही जायचं नव्हतं. दुसरीकडून बोलावणंच आलं नव्हतं.

शेजारचे दोघे प्रिन्सिपलबाईंकडे बघू लागले. बाईंनी माझ्या खांद्यांकडे पाहिलं, खिशांकडे पाहिलं, मग स्वतःचा पदर सारखा केला.

"चलेगा," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, बाजूच्या दोघांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, "हमलोगां तो कभी पूछेच नै."

"तो अब पूछो ना, मॅडम," मी म्हटलं.