खिळ्यावरची चड्डी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगरला नव्या व्याह्यांसमोर पोट आत ओढून बसलो होतो. मुलीचं लग्न नुकतंच झालेलं, त्यामुळे पोट आणि प्रतिष्ठा दोन्ही एकदम सांभाळणं चाललं होतं. फोन ठेवला... आणि पोट सुटलं ते सुटलंच.

अक्का माझी थोरली बहीण. देवळाली प्रवराजवळ एका वस्तीवरच्या शाळेत पहिलीची बाई. जूनमध्ये शाळा उघडली की पहिले काही दिवस ती पाटी-पुस्तकाचं नाव काढत नसे. वर्गाच्या दारामागच्या खिळ्याला एक निळी हाफ चड्डी अडकवायची आणि हुंदके देणाऱ्या नव्या पोरांना सांगायची, "ही माझ्या बापूची. बापू पहिल्या दिवशी शाळेच्या खांबाला मिठी मारून बसला, सोडवायला आलेल्या गुरुजींना चावला आणि शेवटी उभ्या उभ्या ओला झाला. कुणाला लागली तर घाला रे, बापू काही म्हणायचा नाही." पोरं रडता रडता हसायची. पुढे कुणाचं तसं झालंच, तर ते पोर सरळ येऊन म्हणायचं, "बाई, बापूची द्या." त्याच्या वाटची लाजसुद्धा माझ्या खात्यावर! देवळालीच्या बाजारात मिशा फुटलेले बाप्ये मला बघून गालात हसत. मी चिडायचो. "अगं, साहेब झालोय मी आता!"

"पोरांना कशाला पाहिजे साहेब?" अक्का भाकरी थापत म्हणायची. "त्यांना बापू पुरतो."

दहाव्याला नदीवर तिच्या वर्गातली एक चिमुरडी आजीचं बोट धरून आली होती. माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "तुमीच का बापू? चड्डीवाले?"

शेजारी व्याही उभे. मी घसा खाकरला. "नाही बाळ, ते दुसरे."

तिचा चेहरा उतरला. "आज्जे," ती म्हणाली, "बाईंचा बापू आलाच न्हाई."

"आसंल कामात. चल."

सख्ख्या बहिणीच्या दहाव्याला मी असा आलोच नाही...

शाळा उघडली त्या दिवशी अक्काचं सामान आणायला गेलो. वर्गात रडारड चाललेली. नवे सर अगदी कोवळे, घामाघूम झालेले. दारामागं बोट दाखवून म्हणाले, "ही कुणाची राहिलीय कळत नाही. टाकून देऊ?"

"माझी आहे," मी म्हणालो. व्याही बरोबर नव्हते, तेव्हा यात शौर्य काही नाही.

रडणारी दोन-तीन पोरं गप्प झाली. माझ्या पोटाकडे बघितलं, चड्डीकडे बघितलं, आणि एक फिस्सकन हसलं. दारातून तीच चिमुरडी डोकावत होती, आता दुसरीत गेलेली.

"मंग तवा न्हाई का म्हनले?"

अक्काचा चष्मा, डबा, छत्री एवढंच पिशवीत घातलं. चड्डी आणली नाही. सरांना सांगून आलो, कुणी मागितली तर नाव बापूचंच सांगा.