ग्रहणातली पाटी

डिंडोलीत मी पत्रकं वाटत होते तेव्हा कविता वहिनीचा फोन आला. "पप्पा गेले," एवढंच म्हणाली. म्हणजे माझा मामा, वहिनीचा सासरा. सकाळी पाळीला निघताना दारातच कोसळला. हातातल्या पत्रकांवर मीच लिहिलेला मथळा होता, 'ग्रहणाची भीती कुणाच्या फायद्याची?' फोन ठेवला आणि उरलेली पत्रकंही वाटून टाकली. का, ते आजही सांगता येत नाही.

मामा मिसरूड फुटायच्या आत धुळ्याकडून गुजरातेत, लिंबायतला आला आणि जन्मभर कापडाच्या कारखान्यात लूमवर उभा राहिला. तिथल्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं, म्हणून घरीही तो ओरडूनच बोले. आजारपणातही कामावर जाणारा हा माणूस चंद्रग्रहणाला मात्र हमखास खाडा करी. वेध लागले की आंघोळ, मग मौन. ग्रहण सुटून पुन्हा आंघोळ होईपर्यंत शब्द नाही. फारच अडलं तर पोराच्या शाळेतली जुनी पाटी होती, तिच्यावर खडूनं लिहायचं.

हे सगळं माझ्या डोक्यात जायचं. तो मात्र मजेत समजावायचा. ज्योतिषात चंद्र म्हणजे मन. पुनवेला ते काठोकाठ भरलेलं, आणि नेमकं तेव्हाच ग्रासलं जातं. राहू म्हणजे हाव, केतू म्हणजे सोडणं. ग्रहण घाबरायला नसतं, म्हणायचा, मनावर काय चढून बसलंय ते गप्प राहून बघायला असतं. मी म्हणायचे, "मामा, राहू-बिहू काही नाही. ती पृथ्वीची सावली आहे."

"मंग सावली आपलीच शे ना?" तो ओरडायचा. "मी तेच सांगस." आणि वर टोमणा, "तुझ्या पत्रकाचा कागद झ्याक शे, पोरी. भजी चांगली निथळतात."

गेल्या भाद्रपदातल्या पुनवेला ग्रहण होतं, वेध दुपारपासून. वहिनीला सातवा महिना. चारच्या सुमाराला गेले तर ती भिंतीला टेकून बसलेली, ओठ सुकलेले. जेवलीस का विचारलं, तर मान खाली. माझं डोकंच फिरलं. मामा दारात पाटावर बसला होता. गल्लीतल्या बायका जमेपर्यंत मी बोलत राहिले... पोटुशी बाईला उपाशी ठेवणारं कसलं तुझं अध्यात्म, राहूचा एजंट आहेस तू, आणखी बरंच. समोरच्या गुजराती काकी "बस बेन, बस" करत होत्या. मामानं पाटी ओढली, काहीतरी लिहिलं आणि माझ्यासमोर धरली. मी ती वाचली नाही. तळव्यानं सरळ पुसली आणि म्हणाले, "तोंड आहे ना? बोल."

तो बोलला नाही. गप्प बसला म्हणजे चूक कबूल, असं धरून मी तरातरा निघाले. दुसऱ्या दिवशी त्याचे दोन फोन आले, मी कापले. पुढे महिन्याभरात तो गेलाच.

दहाव्याला वहिनीनं मला बाजूला घेतलं. "मला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं, ताई. माझ्याच आईनं फोनवर घाबरवलं होतं, म्हणून मी पाणीही घेईना. पप्पांनी वेधाआधीच बजावलं होतं, पोटुशीला, आजाऱ्याला काही पाळायचं नसतं. मग मौनातच ताट वाढून पुढ्यात ठेवलं, मी खाईपर्यंत उठले नाहीत. तू यायच्या जरा आधीच."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू बोलू दिलंस का कुणाला?"

पाटीवर काय होतं, ते मामा लिहीत असतानाच तिनं त्याच्या मागून वाचलं होतं. 'कविता जेवनी. तू जेवनी का?'

त्या दिवशी मी सकाळपासून उपाशीच फिरत होते, पत्रकं घेऊन.

माझं मत बदललेलं नाही. बायाबापड्यांना ग्रहणाच्या नावानं उपाशी ठेवतात, त्यांच्याशी मी भांडणारच. मामाचाही राग येतो अजून. एका वाक्यापुरतं मौन मोडलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मग पुनवेला चंद्र वर आला की मला घरात बसवत नाही, उगीच लिंबायतला जाऊन येते. पाटी तिथेच खिळ्याला टांगलेली आहे. त्यानंतर ती कुणाला लागली नाही. खडूचा पांढरा फराटा तिच्यावर तसाच आहे, माझ्या तळव्याएवढा रुंद.